पद्मासनाची घाई करू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि फोटो पाहिला. पद्मासन घातलंयस खरं, पण उजवा गुडघा जमिनीपासून वीतभर वर आहे, पाठीला पोक आलंय आणि कळ चेहऱ्यावर दिसतेय. "बाई, महिनाभरात जमेलच," असं लिहिलंयस. जमेलही, पण गुडघ्याच्या जिवावर. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गुडघ्याचं काम मुख्यतः दाराच्या बिजागरीचं. दुमडायचं आणि सरळ व्हायचं. मांडी बाहेरच्या बाजूला वळते ती खुब्यातून. तुझा खुबा अजून तेवढा मोकळा नाही आणि तू पाऊल हाताने ओढून मांडीवर ठेवतेस, मग तो सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. आतल्या कूर्चेला एकदा इजा झाली की ती सहज भरून येत नाही. मांडीत, खुब्याभोवती ताण आला तर चालेल. गुडघ्याच्या आत टोचलं की पाय लगेच सोडायचा. पाय बधिर झाला तरी तेच, कारण नस दबलेली असते. तिथे सहनशक्ती दाखवायची नाही.

सध्या पद्मासन बाजूला ठेव आणि दंडासनापासून सुरू कर. घरात सोलापुरी चादर असेलच. तिची घट्ट घडी घाल, साधारण चार बोटं उंच होईल अशी, आणि घडीच्या पुढच्या कडेवर बस. पाय समोर सरळ, पायांची बोटं छताकडे. आता एक हात मागे नेऊन कमरेचे मणके चाचपून बघ. मणके बोटांना गाठींसारखे बाहेर आलेले लागले तर कंबर मागे कलंडलीय. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की असं होतं, आणि दिवसभर शिलाई मशीनसमोर स्टुलावर बसणाऱ्या तुझे ते आखडलेले असणारच. चादरीची आणखी एक घडी घाल. बैठक उंच झाली की कंबर आपोआप सरळ होते, छाती उघडते आणि श्वास खोल जातो. पाठ भिंतीला टेकवलीस तरी काही बिघडत नाही. आधार घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी घोंगड्या, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून आजारी आणि वयस्क माणसांनाही आसनं करता येतील अशी सोय केली.

तू विचारलंयस, "आई तर जन्मभर मांडी घालूनच बसलीय, मग तिची कंबर का दुखते?" चांगला प्रश्न आहे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरोघरी हे दिसतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, मान खाली, खांदे पुढे, बोटं सारखी चाललेली. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे उठायला फुरसत नाही. पायांची ठेवण सुखासनाची, पण पाठ तासन् तास वाकलेली आणि श्वास वरच्यावर. तिला नवं आसन नकोय, तिला हालचाल हवीय. तासाभराने सूप बाजूला ठेवून उठायचं, चार पावलं चालायचं. पुन्हा बसताना बुडाखाली तीच चादर, आणि मांडी घालताना पायांची अदलाबदल. तिच्या पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील, तर आसनांआधी डॉक्टर. तेवढं तिला माझ्या नावाने सांग.

बाकीची आसनं थोडक्यात. बद्धकोणासनात पायांचे तळवे जुळवून बस. गुडघे हातांनी खाली दाबू नकोस, ते आपोआप उतरतील. पद्मासनाकडे जायचा खरा रस्ता हाच. पाठीला पीळ देणारं अर्धमत्स्येंद्रासन अवघड वाटलं तर त्याहून सोपं वक्रासन कर. आधी पाठ उंच, मग श्वास सोडत वळायचं, मान सगळ्यात शेवटी. शिलाईवाल्यांच्या आखडलेल्या पाठीला याचा फार आराम पडतो. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय सरळ ठेवून पुढे वाकताना, डोकं गुडघ्याला लावायची शर्यत नको. पोट मांड्यांकडे न्यायचं, हात पोटरीपर्यंत पोचले तरी पुष्कळ. मणक्याची गादी सरकलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. वज्रासन, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं, तेवढं जेवणानंतर चालतं. बाकी सगळं जेवणानंतर तीन-चार तासांनी. आपल्या शहाबादी फरशीवर घोटे दुखतात, खाली जाड काहीतरी घे.

फायद्यांचं विचारशील तर, जेवढं खरं आहे तेवढंच सांगते. खुबे आणि पाठ मोकळी होते, ताठ बसायची ताकद येते. संथ, लांब श्वासाने नाडीचे ठोके उतरतात, जीव शांत होतो. कमरेच्या जुनाट दुखण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, औषधांआधी करून पाहायच्या उपायांमध्ये योगाचा समावेश केलाय. पण आसनांनी थायरॉइड जातो, साखर कायमची उतरते, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. घरात कुणाच्याही गोळ्या आसनांच्या भरवशावर बंद करू नका.

वेळ पहाटेची ठेव. एप्रिल-मेमध्ये सात वाजल्यानंतर आपल्याकडे अंगाची लाही होते. जागा गच्चीवरची घे; तंबाखूची धूळ असलेल्या खोलीत दीर्घ श्वास घेऊ नकोस. वीस मिनिटं पुरेत. नळाला पाणी येईल त्या दिवशी कळशा भरण्यातच सकाळ जाते, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी पाच मिनिटं नुसती दंडासनात बस, म्हणजे खंड पडणार नाही.

पंधरा दिवसांनी दंडासनाचा फोटो पाठव, समोरून नको, बाजूने काढलेला. कमरेचा बाक त्यातच दिसतो. आणि रविवारी जमलं तर आईला घेऊन ये. तिला किती उंच बैठक लागेल ते मी बघून सांगते.

तुझी,
बाई