जर्सीवर दोन रंगांत नाव-नंबर लावताना बॉर्डर एका बाजूला सरकते, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की व्हॉलीबॉल टीमच्या लाल पॉलिस्टर जर्सी करताय, नावं मराठीत, अक्षरं पांढरी आणि भोवती काळी बॉर्डर. कटर आहे, हीट प्रेस आहे, तरी पहिल्या दोन जर्सींवर बॉर्डर डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक आली. आणि मधेच एक ओळ आहे की पांढऱ्याखालचा काळा थर पक्का बसावा म्हणून आधी त्याला पूर्ण १५ सेकंद दाबलं. गडबड तिथेच आहे, तुमचा हात हलला असं मला वाटत नाही.

व्हिनाइल, म्हणजे अक्षरं कापायची ती उष्णतेने चिकटणारी रंगीत फिल्म, तापलं की किंचित आकसतं. काळा पूर्ण वेळ दाबला की तो आकसून बसतो, आणि पांढरा अजून प्रेसखाली गेलेलाच नसतो त्यामुळे तो कापला तेवढाच असतो. तीन अक्षरांच्या नावात हे कळतही नाही, पण लांबलचक आडनाव असलं की एक टोक जुळवा, दुसऱ्या टोकाला मिलिमीटरभर फरक निघतो, आणि बॉर्डरच ३ मिमीची असेल तर तो एक मिमी लगेच डोळ्यात भरतो. म्हणून खालच्या थराला फक्त २-३ सेकंद द्या, कॅरिअर शीट (व्हिनाइलवरचा प्लास्टिकचा कागद) सुटण्यापुरतेच. मग पांढरा ठेवायचा आणि रोलवर लिहिलेला पूर्ण वेळ त्याला द्यायचा, त्यातच काळाही पक्का होतो आणि पुढचं आकसणं दोघांचं बरोबर होतं. पांढरा दाबताना काळ्याचा जो भाग उघडा राहतो त्यावर टेफ्लॉन शीट किंवा बटर पेपर हवाच.

जुळवताना टोकापासून सुरुवात करू नका. कॅरिअर शीट पारदर्शक असते, खालचा काळा दिसतो, तर नावातलं मधलं अक्षर आधी बसवा आणि मग दोन्ही टोकं बघा, म्हणजे उरलासुरला फरक दोन्हीकडे अर्धा अर्धा वाटला जातो आणि कुणाला दिसत नाही. दोन कोपऱ्यांना हीट टेप लावा, प्रेस हळू खाली आणा.

आता मराठी अक्षरांचं, कारण इंग्रजी नावांना सहसा हा त्रास नाही आणि शिकवणारे बहुतेक जण इंग्रजीच करून दाखवतात. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्यावर जरासं चढतं. स्क्रीनवर रेघ सलग दिसते पण कटरला ते वेगवेगळे आकार वाटतात, तो प्रत्येक जोडावर ब्लेड फिरवतो आणि वीडिंग करताना, म्हणजे नको असलेलं व्हिनाइल उचलून काढताना, शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. त्यामुळे आधी टेक्स्टचं पाथमध्ये रूपांतर करा, मग युनियन किंवा वेल्ड (सगळे आकार जोडून एकच करणं), आणि त्यानंतरच ऑफसेट, म्हणजे अक्षराभोवती ठरावीक अंतरावरची बाहेरची रेघ. क्रम उलटा झाला तर काळ्या बॉर्डरचेही तुकडेच कापले जातात.

एकदा वेल्ड झालं की मात्र शिरोरेषेइतकी मदत कुणाची नाही, अख्खं नाव एकाच पट्टीला लटकलेलं असतं, अक्षर तिरकं व्हायची भीती नाही. सुटा राहतो तो अनुस्वार. ‘शिंदे’ हे नाव घ्या. ३ मिमी ऑफसेट दिला की टिंबाभोवतीचा काळा आणि वेलांटीभोवतीचा काळा एकमेकांत मिसळून एकच आकार होतो, छान आहे, टिंबाला भक्कम बूड मिळतं. पण वरचं पांढरं टिंब एकटंच असतं, आणि फॉन्टमध्ये ते तीन-चार मिमीचं असेल तर धुण्यात सगळ्यात आधी तेच निघायला लागतं. मी टिंब नेहमी थोडं मोठं करून घेते, ५ मिमीच्या खाली जात नाही, जर्सी लांबून वाचायची असते त्यामुळे ते खटकत नाही. काळ्या थरात अक्षरांच्या पोटात बारीक भोकं उरतात, ती सरळ डिलीट करा. वीडिंग वाचतं आणि त्या अरुंद कडा नंतर उचलत नाहीत.

नंबरला मी वेगळी पद्धत वापरते. व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमात नंबर छातीवर किमान १५ सेंमी आणि पाठीवर किमान २० सेंमी उंच लागतो, पट्टी किमान २ सेंमी रुंद. एवढ्या आकाराचे दोन भरीव थर एकावर एक घातले की पाठीवर पुठ्ठा बांधल्यासारखं होतं, घाम बाहेर पडत नाही, खेळणारा वैतागतो. म्हणून नंबरचा काळा थर आतून पोकळ करा, नुसती कड ठेवा, फक्त ती कड पांढऱ्याच्या खाली दीड-दोन मिमी गेली पाहिजे. बरोब्बर कडेला कड लावायला जाऊ नका, केसाएवढी फट राहिली तरी त्यातून जर्सीचा लाल दिसतो. आणि इथे तर काळा जास्त दाबून अजिबात चालणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीये पण लाल पॉलिस्टर म्हणालात म्हणून सांगतेच. आमच्या ग्रुपसाठी मी एकदा लाल पॉलिस्टरवर साधे पांढरे नंबर केले होते, प्रेसवरून काढले तेव्हा झक्क पांढरे, दुसऱ्या दिवशी घडी उघडली तर सगळे फिके गुलाबी. फार वाईट वाटलं, कारण जर्सी देऊन टाकायच्या होत्या आणि धुऊन तो रंग जात नाही. पॉलिस्टरचा रंग जास्त उष्णतेने कापडातून उडून वरच्या व्हिनाइलमध्ये शिरतो आणि ते लगेच दिसत नाही, काही तासांनी किंवा काही दिवसांनी दिसतं. साधं पीयू (पॉलियुरेथेन) व्हिनाइल साधारण १५० अंशांना दाबतात, तुम्ही १३० अंशांच्या आसपास चिकटणारं लो टेम्परेचर व्हिनाइल घ्या, आणि रंग अडवणारं ब्लॉकर व्हिनाइल काळ्यात मिळालं तर खालच्या थराला तेच. फक्त मग नंबरचा काळा पोकळ करता येणार नाही, कारण पांढऱ्याखाली सगळीकडे आडोसा हवा. म्हणजे जडपणा की गुलाबीपणा यातलं एक निवडावं लागेल, लाल जर्सीवर मी जडपणा घेईन. कुठलंही व्हिनाइल आणा, एक तुकडा जर्सीच्या आतल्या बाजूला खाली कडेला दाबून दोन दिवस तसाच ठेवा आणि मग बाकीच्या करा.

ग्लिटर वापरायचा विचार असेल तर तो फक्त वरच्या थराला, त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर दुसरं काही नीट धरत नाही. आणि दोन्ही रंग मिरर करूनच, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे करूनच कापा, घाईत दुसऱ्या रंगाला मिरर करायचं राहतं. कॉलरची शिवण किंवा बटणपट्टी प्रेसखाली येत असेल तर आत प्रेसिंग पिलो घाला, नाहीतर दाब शिवणीवरच जातो आणि अक्षराची कड तशीच उघडी राहते. पहिली धुलाई २४ तासांनंतर, जर्सी उलटी करून, गार पाण्यात.

त्या बिघडलेल्या दोन जर्सी टाकू नका. जर्सी उलटी करून व्हिनाइलच्या मागून काही सेकंद उष्णता द्या आणि गरम असतानाच चिमट्याने एका कोपऱ्यापासून हळूहळू ओढा, दोन्ही थर मिळून निघतात. कापडावर गोंदाची पुसट सावली राहील, ती घासत बसू नका, त्या दोन नावांचा ऑफसेट ३ ऐवजी ४ मिमी करा आणि नवीन काळा बरोबर त्या सावलीवर बसवा.