भाड्याच्या घरात कोंबड्या? आधी मालकाशी बोला

दादा, कोंबड्या नंतर आणा, आधी घरमालकाला विचारा. आपल्या लातूर-परभणीकडं बरेच मालक माळकरी. अंगणात कोंबडी नको म्हणजे नकोच. 'बघू' म्हणाले तर तो होकार धरू नका. करार बहुतेक 11 महिन्यांचा, आणि गावरान तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) जन्मापासून अंड्यावर यायलाच सहा महिने घेते. घर सुटलं तर त्यांना कुठं नेणार, हे आत्ताच ठरवा. गावाकडं कुणी सांभाळणारं असेल तर निम्मा घोर मिटला.

कोंबडा नकोच. अंड्यांसाठी तो लागत नाही, पिल्लं काढायची तरच लागतो. पहाटे आरवला की शेजारी थेट मालकाकडं जातात!

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 42 वर गेला की पत्र्याखालच्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, मरतातही. लिंबाची सावली, ओलं पोतं, दिवसातून दोन-तीनदा गार पाणी हवंच. तुमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल तर नीट विचार करा. खुराडं उचलून नेता येईल असं घ्या, जाळी बारीक. मुंगूस फटीतून शिरतं. मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसीचं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

सुरुवातीला चार तलंगा पुरे. एक दिवसाच्या पिल्लांच्या नादी लागू नका. त्यांना उबेला रात्रभर बल्ब लागतो, आणि आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीतच आहे.