सोडा घरीच करा, पण सिलिंडर विकत घेऊ नका

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. घरात रोज सोड्याची ७५० मिलीची एक बाटली लागते, २० रुपयांची. पतीच्या मनात ५ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, केग (दाबाखाली सोडा साठवायची धातूची टाकी), नळ आणि जुना फ्रिज असा २४,००० रुपयांचा संच हप्त्यांवर घ्यायचा आहे. ताईंना ८,५०० रुपयांचे छोटे सोडा मशीन बरे वाटते. काय घ्यावे?

ताई, आज तुमचे महिन्याला ६०० रुपये सोड्यावर जातात. छोट्या मशीनच्या सिलिंडरवर '६० लिटर' लिहिलेले असते, पण आत वायू असतो जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम. आपल्याला नाकाला झिणझिण्या आणणारा सोडा लागतो. तसा करायचा तर लिटरला आठ ग्रॅम वायू मुरतो, वर थोडा वाया जातो. म्हणजे हाती चाळीसच लिटर. तुम्ही कळवलेल्या ९०० रुपयांच्या भरणीने लिटर साडेबावीस रुपयांना पडतो, दुकानातला पावणेसत्तावीसला. महिन्याला शंभर रुपयेही सुटत नाहीत. मशीनचे पैसे निघायला साडेसात वर्षे जातील.

मोठ्या सिलिंडरचे गणित उलटे आहे. महिन्याला पाव किलो वायू धरला तरी ५ किलो वीस महिने पुरतो आणि ६०० रुपयांची भरणी महिन्याला ३० रुपयांवर येते. वायू स्वस्तच असतो; पैसे खातात ते भोवतीचे सामान. दुसऱ्या फ्रिजने रोज एक युनिट घेतले आणि युनिट ८ रुपयांना धरले, तर २४० रुपये विजेतच गेले. मग २४,००० वसूल व्हायला सहा वर्षे. शिवाय 'नो कॉस्ट' हप्त्यांतही बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, तो वेगळाच.

म्हणून माझा सल्ला तिसरा आहे. सिलिंडर तुमच्या डीलरकडून ५,००० रुपयांच्या परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर घ्या, पावतीसह. सिलिंडरची दर पाच वर्षांनी दाबचाचणी करावी लागते; मालकी डीलरची असली की ती जबाबदारीही त्याची. भाडे वेगळे आहे का, तेवढे आधी विचारा. तुम्ही फक्त ४,५०० चा रेग्युलेटर आणि दीड हजारात नळी व प्लास्टिकच्या बाटलीला बसणारे कार्बोनेशनचे, म्हणजे नळीतून बाटलीत वायू सोडायचे झाकण घ्या. पाणी घरच्याच फ्रिजमध्ये गार करा. शून्य अंशाजवळच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा दुप्पट वायू मुरतो. बाटली सोड्याचीच हवी, काचेची कधीच नको. हे ६,००० रुपये वर्षाच्या आत वसूल होतात, तेही हप्त्याशिवाय.

कोल्हापुरात हा वायू मिळणे अवघड नाही. फाउंड्रीत वाळूचे कोअर (ओतकामात आतली पोकळी राखणारे साचे) घट्ट करायला आणि वेल्डिंगला तो लागतोच. पण तो पिण्याच्या सोड्यात चालत नाही, कारण सिलिंडरमध्ये तेलाचा अंश किंवा ओल असू शकते. 'फूड ग्रेड' असे बिलावर लिहून घ्या. सिलिंडर पेसोच्या, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या मान्यतेचा हवा. परदेशातून ऑनलाइन मागवलेला बिनमान्यतेचा सिलिंडर इथे कायद्याने भरता येत नाही.

पैसे वाया जातात ते गळतीने. रेग्युलेटरचा वायसर नीट बसला नाही की वीस महिन्यांचा वायू रातोरात जातो, आणि रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा पाहून ते कळत नाही. आत द्रवरूप वायू शिल्लक आहे तोवर खोलीच्या तापमानाला काटा ६० बारच्या आसपासच राहतो, सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला. खांद्यावर कोरलेले रिकाम्याचे वजन एकूण वजनातून वजा करा, उरेल तो वायू. जोडणीवर साबणाचे पाणी लावा आणि वापर झाला की मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. ५ किलो वायू मोकळा झाला तर सुमारे २,७०० लिटर होतो. आठ बाय आठच्या बंद स्वयंपाकघरात एवढा वायू माणसाला बेशुद्ध करून जीव घेऊ शकतो, आणि त्याला वासही नसतो. सिलिंडर सावलीतल्या, वारा खेळणाऱ्या गॅलरीत उभा, साखळीने बांधून ठेवा. घरात अशी जागा नसेल तर बाटलीचे ६०० रुपये देत राहा. ते मला योग्य वाटतात.

पतींना घेऊन आधी डीलरकडे जा. डिपॉझिट, फूड ग्रेड आणि भरणीचा दर लेखी मिळाल्यावरच रेग्युलेटर घ्या.