वाचकांचे प्रश्न : कॉमिक्सचा संग्रह आणि आपला पावसाळा

प्रश्न : वेताळ आणि मँड्रेकचे साधारण ८० जुने इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आहेत. मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटपट्टीने बंद करून ट्रंकेत ठेवला. खंडेनवमीला ट्रंक उघडली तर कुबट वास आणि मुखपृष्ठांवर काळे ठिपके. बंद पिशवीत ओल शिरली कुठून?
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : ओल बाहेरून शिरली नाही, अंकांबरोबरच आत गेली. साधारण हवेतही कागदात वजनाच्या सहा-सात टक्के पाणी असते. दमट हवेत ते दुपटीकडे जाते. वळिवानंतरच्या हवेत अंक आधीच ओल धरून होते. पिशवी बंद झाली, ओल कोंडली. शिवाय साधी पिशवी हवेतली वाफ पूर्ण अडवत नाही. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि जांबोटी-कणकुंबीकडे आषाढ-श्रावणात हवा याच्या पुष्कळ वर असते.

म्हणून आपल्याकडे अंक बांधायचे ते संक्रांत ते शिमगा या दिवसांत. पंधरा दिवस ते घरातच सावलीत, दोरीवर नव्हे तर टेबलावर, किंचित उघडे उभे ठेवा. उन्हात मुळीच नको. इंद्रजालचा (१९६४ ते १९९०) आतला कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. त्यातले लिग्निन (लाकडातून आलेला घटक) उजेडाने पिवळे पडते, आम्ल सुटते आणि कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो. वर्षातून एकदा पुस्तकांना ऊन दाखवायची जुनी रीत या कागदाला सोसत नाही.

ठिपके पडलेले अंक आधी वेगळे काढा. पूर्ण वाळल्यावर अंगणात, तोंडाला एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने बुरशी कडेच्या दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसलीत तर ती कागदात मुरते. डाग राहील; तो घालवायला ब्लीच वापरू नका.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या. मुठीत चुरगळली की ती कुरकुर वाजते. मऊ, लुळी आणि वास येणारी पीव्हीसीची पिशवी टाळा. ती काही वर्षांनी चिकट होऊन शाई ओढते. पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची पिशवी सर्वांत चांगली, पण महाग. ती मोजक्या अंकांसाठी ठेवा. पिशवी अंकापेक्षा एक सेंटिमीटर रुंद असावी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा असावा. खोक्याचा तपकिरी पुठ्ठा आम्लधारी असतो, तो अंकाला लावू नये. तोंड दुमडून ठेवा. चिकटपट्टी अंक काढताना मुखपृष्ठाला चिकटते आणि रंग घेऊन येते.

झाकण घट्ट बसणाऱ्या, साधारण ५० लिटरच्या डब्यात २०० ग्रॅम केशरी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) कापडी पुरचुंडीत ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा. डबा किंवा कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, पाऊस तिकडूनच मारतो. भिंतीपासून १० आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटर अंतर राहू द्या. वाळवीची माती चढू लागली तर दिसली पाहिजे. पोटमाळा तर नकोच. कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी होते.

प्रश्न : अमर चित्रकथांच्या पिना गंजल्या आहेत. तशाच ठेवू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ठेवू नका. गंज आजूबाजूचा कागद खातो आणि मुखपृष्ठ पिनेपासून सुटते. अंक मधल्या पानावर उघडून टॉवेलवर ठेवा. पिनेचे दोन्ही दुमडलेले पाय लोणी लावायच्या सुरीने उभे करा, मग अंक उलटा करून पाठीकडून पिन सरळ ओढा. पाय उभे न करता उपटलीत तर भोक फाटते. सुटा गंज कोरड्या ब्रशने झाडा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून आत गाठ मारा. नवी साधी पिन मारू नका, पुन्हा गंजेल.

प्रश्न : कसर लागली आहे. डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : नकोत. त्यांची वाफ बंद खोलीत माणसाला बाधते आणि वास कागदातून वर्षानुवर्षे जात नाही. कसरीला ओल लागते. ओल गेली की ती टिकत नाही. पानांत बारीक भोके आणि भुकटी दिसली तर अळी आत आहे. अंक दोन पिशव्यांत, हवा काढून, डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरेल. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर कडकडीत वाळलेला, कापडात बांधून. हिरवा पाला स्वतःच बुरशी आणतो.

प्रश्न : नदीकाठी घर आहे. २०१९ सारखा पूर पुन्हा आला आणि अंक भिजले तर?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : साधारण ४८ तासांत हालचाल करा. ओला अंक उचलताना खाली ताट धरा, स्वतःच्या वजनानेच तो फाटतो. पंख्याखाली वाळवा, दर काही पानांमध्ये कोरा टिश्यू घाला आणि तो बदलत राहा. अंक जास्त असतील तर गुळगुळीत मुखपृष्ठांमध्ये बटर पेपर घालून सगळे फ्रीझरमध्ये टाका आणि मग थोडे थोडे वाळवा. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांवर वाळून चिकटली की ती बहुतेकदा सुटत नाहीत, म्हणून पहिला हात त्यांनाच लावा.