ओळखपाळख नसताना जाहिरात न आलेली नोकरी कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की चाकणला पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागात ४ वर्षं झाली, साइटवर टाकलेल्या अर्जांना उत्तर येत नाही, चांगल्या जागा आतल्याआत भरतात आणि तुमचा कुठेच वशिला नाही. वशिला आणि रेफरल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वशिल्यात कुणीतरी वरून फोन करून माणूस चिकटवतं. रेफरलने तुमचा बायोडाटा फक्त योग्य माणसाच्या टेबलावर वेळेत पोचतो, मुलाखत तुम्हालाच द्यावी लागते. त्यामुळे तो मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

जाहिरातीआधी जागा कशी भरते ते आधी समजून घ्या. कुणी राजीनामा दिला की त्याचा ३० ते ९० दिवसांचा नोटीस पिरियड सुरू होतो. मॅनेजर पहिल्यांदा आपल्या टीमलाच विचारतो, "कोणी आहे का रे ओळखीत?" मंजुरी, पोर्टल, कन्सल्टंट हे सगळं नंतर. मधले आठ-पंधरा दिवस तुमचे. दुसरी संधी नवीन मॉडेलचे पार्ट येतात तेव्हा. टूल ट्रायल (नव्या टूलची चाचणी) आणि पीपॅप (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) सुरू झालं की क्वालिटीत माणसं कमी पडतात.

ही बातमी जवळच्या मित्राकडून क्वचितच येते, कारण त्याला जे कळतं ते तुम्हालाही कळलेलं असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच आकड्यांत मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची.

तुमच्याकडे असे लोक भरपूर आहेत. गेज कॅलिब्रेशनला (मोजमापाची साधनं तपासायला) येणारा माणूस, सीएमएमचा (पार्टची मापं घेणाऱ्या मशीनचा) सर्व्हिस इंजिनिअर, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटच्या वेंडरकडचे क्वालिटीवाले, दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेला शिफ्टमधला सहकारी, कॉलेजचे सीनियर. कॅलिब्रेशनवाला भोसरी, चाकण, रांजणगाव असा फिरत असतो. कुठे नवी लाईन उभी राहतेय, कुठली खुर्ची रिकामी आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. फोनमधले नंबर चाळून अशी ३०-४० नावं वहीत काढा आणि आठवड्याला पाच-सहा जणांशीच बोला. सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड केलात तर तो फॉरवर्डसारखाच वाचला जाईल.

ग्राहक कंपनीच्या सप्लायर क्वालिटीवाल्याशी (वेंडरच्या मालाचा दर्जा बघणाऱ्याशी) मात्र जपून. ग्राहक आणि वेंडरमध्ये एकमेकांची माणसं न घेण्याची समजूत असू शकते, आणि तुमचं बोलणं संध्याकाळपर्यंत तुमच्याच मॅनेजरच्या कानावर जाऊ शकतं.

"सर, काही असेल तर बघा ना" या वाक्यावर समोरचा "हो, बघतो" म्हणतो आणि विसरतो, कारण नेमकं काय बघायचं हे त्याला कळतच नाही. त्याऐवजी असं लिहा (यातलं ८डी म्हणजे तक्रारीचं मूळ शोधून ती सोडवायची आठ टप्प्यांची पद्धत):

"नमस्कार सर, आपण मागच्या वर्षी हाऊसिंगच्या रिजेक्शनवर एकत्र काम केलं होतं. मी आता क्वालिटीत बदल बघतोय. ४ वर्षं मशीनिंग पार्ट, पीपॅप आणि ८डी स्वतः केलंय, नोटीस ६० दिवस. तुमच्याकडे किंवा माहितीतल्या कुठल्या प्लांटला नवीन प्रोजेक्ट सुरू होतोय का? नसेल तर कुणाशी बोलू, एवढं सांगितलंत तरी चालेल."

शेवटचं वाक्य गाळू नका. नोकरी देणं त्यांच्या हातात नसतं, नाव सांगणं असतं. तीन-चार जणांनी एकेक नाव दिलं की तुमची यादी आपोआप पुढे सरकते.

रेफर करणाऱ्याचं काम दोन मिनिटांचं करून द्या. दोन पानी पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं नाव, पद आणि वर्षं. मेसेजमध्ये सध्याचा सीटीसी (वर्षाचा एकूण पगार), अपेक्षा, नोटीस आणि तो तसाच पुढे पाठवू शकेल अशा तीन ओळी. त्यांत आकडा हवा: रिजेक्शन किती पीपीएमवरून (दहा लाखांमागे खराब पार्ट) कितीवर आणलं, किती पार्टचं पीपॅप केलं. "मेहनती, टीम प्लेअर" वाचून कुणी फोन करत नाही.

इथे एक चूक फार महागात पडते. जागा कळली की घाईने आधी स्वतःच पोर्टलवर अर्ज टाकायचा आणि मग रेफरल मागायचं. बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टिममध्ये तुमचं नाव आधीच असलं की रेफरल जोडलं जात नाही. बायोडाटा कन्सल्टंटमार्फत गेलेला असेल तरी तेच. म्हणून आधी विचारा, "तुम्ही टाकताय की मी टाकू?" बऱ्याच ठिकाणी निवड झाल्यावर रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, त्यामुळे तुम्ही त्यांच्यावर ओझं टाकताय असं समजू नका. मात्र कुणी प्रोसेसिंग फी किंवा डिपॉझिट मागितलं तर तिथेच थांबा. नोकरीसाठी पैसे द्यायचे नाहीत.

कंपनीच्या मेलवरून किंवा लॅपटॉपवरून यातलं काहीही करू नका. उत्तर आलं नाही तर सात-आठ दिवसांनी एकदा आठवण करा, त्यानंतर गप्प राहा. मुलाखत झाली की निकाल काहीही असो, त्याच संध्याकाळी रेफर करणाऱ्याला कळवा. ऑफर नाकारायची असेल तर एचआरच्या आधी त्यांना फोन करा, कारण आत त्यांनी स्वतःचं नाव टाकलेलं असतं.