नौदलात कुक म्हणून गेलेल्या माणसाला युद्धात लढावं लागतं का?

तुमचा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून शेफच्या जागेवर निवडला गेलाय आणि युद्ध झालंच तर तो "किचनमध्येच असेल ना?" असं तुम्ही विचारलंय. 71 च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत मी एका फ्रिगेटवर, म्हणजे एका प्रकारच्या युद्धनौकेवर, कुक होतो. आता कोपरीत, ठाणे पूर्वेला असतो.

किचनला आम्ही गॅली म्हणायचो, आणि गॅली जहाजातच असते हो. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेला पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो (पाण्याखालून येणारा स्फोटक बाण) लागला, त्यात 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कोण कुठल्या ब्रँचचा, हे टॉर्पेडोला कुठे कळतं?

ॲक्शन स्टेशन्सची, म्हणजे प्रत्येकाने लढाईच्या आपापल्या जागी जाण्याची, घंटा झाली की आधी शेगड्या बंद, तापलेलं तेल खाली. जहाज जोरात वळलं तर कढई थेट अंगावर येते. मग ॲप्रन टाकून मी दारूगोळ्याच्या टोळीत. तोफेचे गोळे हातोहात वर द्यायचे. आमच्यातलेच काही जखमींना उचलायला, काही आग विझवायला.

पण दोनशेच्या वर माणसं जागा सोडू शकत नाहीत आणि भूक तर सगळ्यांनाच. म्हणून घंटेच्या आधीच पुऱ्या तळून ठेवायच्या, बटाट्याची कोरडी भाजी आत भरून गुंडाळी करायची, सोबत उकडलेली अंडी. एका हाताने खाता आलं पाहिजे, दुसरा हात कामावर. आमटीचं नाव काढायचं नाही. शिडीवरून चहा नेणं हा तर वेगळाच ताप, शेवटी किटली दोरीने खाली सोडायचो. वर रात्री बाहेर उजेड दिसू नये म्हणून सगळं बंद, त्यामुळे डिसेंबरातही गॅलीत घामाच्या धारा.

दिवसा कचरा समुद्रात टाकायला बंदी. बटाट्याच्या साली पाण्यावर तरंगतात आणि शत्रूला आपली वाट दाखवतात. रिकाम्या डब्यांना भोकं पाडून, ते बुडतील असं बघून, अंधार पडल्यावरच टाकायचे. हे काम नव्या पोराकडे, म्हणजे माझ्याकडे.

भावाला कोणी "भांडी घासायला चाललाय" म्हणून चिडवत असेल तर 1946 चं सांगा. मुंबईच्या 'तलवार' या नौदल तळावरचा नौसैनिकांचा उठाव पेटला तो निकृष्ट जेवणावरून, आणि ठाण्यातल्या 'अकबर' तळावरचे नौसैनिकही त्यात उतरले होते. इंग्रजांच्या आरमाराला डाळ-भात महाग पडला!

ओडिशात चिल्काला, नौदलाच्या केंद्रात, ट्रेनिंगला जायच्या आधी त्याला पोहायला मात्र शिकवा. ठाण्यात असाल तर पालिकेचा तरणतलाव आहे, पहाटेची बॅच घ्या. कांदा कापायला नौदल शिकवेल.