फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती यांचा 'प्लेटाइम' कंटाळवाणा का वाटतो? तो कसा पाहावा?

अर्धा तास पाहूनही कथा सापडली नाही, हसूही आलं नाही, मग याला विनोदातला अभिजात चित्रपट का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. १९६७ साली पॅरिसमध्येही बऱ्याच जणांची हीच अडचण झाली. आधीच्या दोन चित्रपटांतला लाडका मस्यू उलो, म्हणजे ताती यांनीच साकारलेलं विनोदी पात्र, पाहायला ते आले होते आणि इथे तो गर्दीतला एक होता. शहराचा अवाढव्य सेट उभारलेल्या ताती यांचं त्यात दिवाळं निघालं.

यात क्लोजअप जवळजवळ नाहीत. कॅमेरा लांब असतो आणि एकाच चौकटीत तीन-चार ठिकाणी काहीतरी चाललेलं असतं. कुठे बघायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून नजर उलोवर खिळवून ठेवली की निम्म्या गमती निसटतात. शिवाय चित्रण मोठ्या पडद्यासाठीच्या ७० मिमी रुंद फिल्मवरचं. मोबाइलवर ही माणसं मुंगीएवढी होतात. मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर घ्या आणि नेहमीपेक्षा जवळ बसा.

सबटायटल बंद करा. संवाद बहुतेक नुसती कुजबुज आहेत आणि ते वाचताना नजर खालीच अडकते. त्याऐवजी आवाज वाढवा, कारण इथे नजरेला वाट दाखवतो तो आवाजच. प्रतीक्षा कक्षातल्या खुर्च्यांचा फुसफुसाट ऐका. प्रदर्शनात एक विक्रेता रागाने दार आपटतो आणि काहीच ऐकू येत नाही, कारण ते दारच बिनआवाजाचं म्हणून विकायला ठेवलेलं असतं. टीव्हीचा आवाज बारीक असेल तर हा विनोद कळणारच नाही.

आणि रॉयल गार्डन रेस्तराँ येईपर्यंत उठू नका. खरी मेजवानी तिथे आहे आणि ती पाऊण तासाच्या आसपास चालते. काम अर्धवट असताना उद्घाटन होतं. काचेचं दार फुटतं, तरी दरवान नुसती मूठ धरून नसलेलं दार अदबीने उघडत राहतो. खुर्च्यांच्या पाठीवरचे मुकुट गिऱ्हाइकांच्या पाठीवर उमटतात. एकाच माशावर वेगवेगळे वेटर येऊन पुन्हा पुन्हा मसाला घालतात. यातलं काही ठळक करून दाखवत नाहीत, ते तुम्हीच हेरायचं. म्हणूनच दुसऱ्यांदा पाहणारे जास्त हसतात.

ताती नवे असतील तर १९५३ चा 'मस्यू उलोची सुट्टी' आणि १९५८ चा 'मों ओंक्ल' आधी बघा. त्यांतही संवाद थोडे आणि आवाजाची गंमत भरपूर, पण उलो समोर असतो, त्यामुळे नजर लवकर तयार होते.